लंगडत नाही, पण चालही मोकळी नाही

प्रश्न: माझी नऊ वर्षांची मारवाडी घोडी आहे. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. चाल रवाल, स्वभाव शांत. गेल्या चार महिन्यांत मात्र तिची चाल बदलली आहे. डांबरी रस्त्यावर आणि मुरमात पाय आखडून टाकते, मध्येच ठेचकाळते. उतार आला की थांबते आणि मग आडवी होऊन उतरते. नांगरलेल्या शेतात मात्र छान चालते. खोगिराचा तंग आवळताना कान मागे टाकते. लंगडत अजिबात नाही. नालबंद दर दोन-अडीच महिन्यांनी येतात, ते म्हणतात खूर लोखंडासारखे आहेत. डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, पाच-सहा दिवस ती पूर्वीसारखी झाली, नंतर पुन्हा तेच. चंदीत रोज तीन किलो भिजवलेले हरभरे आणि गुळाचा एक खडा असतो. गावातले लोक म्हणतात, घोडी अडेल झाली, चाबूक दाखवा. काय करू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: चाबूक खुंटीलाच राहू द्या. इंजेक्शनानंतर घोडी पाच-सहा दिवस पूर्वीसारखी चालली, असं तुम्हीच लिहिलं आहे. वेदनाशामकाने अडेलपणा जात नाही. तिला दुखत होतं, औषधाने ते दबलं, औषध उतरलं आणि दुखणं परत आलं. दुखतं कुठे, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण जमिनीचा फरक तुम्ही नेमका टिपला आहे. कडक जमिनीवर आखडणं आणि मऊ जमिनीवर मोकळं होणं ही खुराच्या दुखण्याची खूण आहे. कंडरा किंवा सांध्याभोवतीचे बंध दुखत असते तर बहुधा उलट दिसलं असतं. नांगरटीत पाय रुततो, कंडरेवर ताण वाढतो, आणि तिने तिथेच जास्त कुरकुर केली असती.

मग ती लंगडत का नाही? दुखऱ्या पायावरचं ओझं चांगल्या पायावर ढकलण्याच्या खटपटीतून लंगडणं येतं. पुढचे दोन्ही खूर सारखेच दुखत असतील तर ओझं ढकलायला चांगला पाय उरत नाही. घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे हे दुखणं बहुतेक वेळा पुढेच सापडतं. अशी घोडी पावलं आखूड टाकते, खडे चुकवते, उतार टाळते. बघणाऱ्याला ती आळशी किंवा हट्टी वाटते.

तुमच्या बाबतीत रवाल चालही दुखणं लपवते. पुढचा पाय दुखत असला की दुडकीत डोक्याचा हेलकावा स्पष्ट दिसतो: दुखरा पाय टेकताना डोकं वर, चांगला पाय टेकताना खाली. रवालीत एका बाजूचे पाय एकापाठोपाठ पडतात आणि पाठ-डोकं स्थिर राहतं. त्या चालीची कीर्ती त्यासाठीच आहे, पण तपासणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. घोडी दुडकी देत असेल तर तपासणीला दुडकीच घ्या. देत नसेल तर साध्या संथ चालीवर आणि व्हिडिओवर भर द्या.

यापुढच्या सगळ्या तपासण्यांचा उद्देश एकच आहे. दोन्ही पायांचं दुखणं सारखं झाल्यामुळे जो समतोल तयार झाला आहे, तो मोडायचा आणि एका पायाला बोलतं करायचं.

सुरुवातीलाच एक पथ्य. तपासणीआधी चार-पाच दिवस वेदनाशामक नको, आणि नालबंदालाही अजून बोलावू नका. नाल बदलली, टाच घासली की आहे ती स्थिती पुसली जाते आणि काय चुकत होतं ते कळत नाही. घरात पडून असलेलं डायक्लोफेनॅक तर टोचूच नका. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. घोडी मागच्या पायांवर भार टाकून रेलून उभी राहिली, पुढचा पाय उचलूच देईना किंवा वारंवार आडवी पडू लागली, तर मात्र पथ्यबिथ्य बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत पुढचे पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि तिला चालवू नका.

आता रोजची नोंद. आठवडाभर सकाळी, घोडी निदान पंधरा मिनिटं शांत उभी राहिल्यावर, चारही पायांची नाडी बघा. खुराच्या वर जो पहिला सांधा येतो, त्याच्या मागच्या अंगाला आत आणि बाहेर दोन गोल उंचवटे लागतात. त्यांच्यावरून सुतळीएवढी बारीक दोरी बोटाखाली सरकते. तिच्यावर तर्जनी आणि मधलं बोट हलकं ठेवा. अंगठा नको, त्यात तुमचीच नाडी लागते. जोर दिला तर ठोका बंद होतो, हेही लक्षात ठेवा. निरोगी पायात ठोका जेमतेम लागतो, कधी शोधूनही सापडत नाही. तो बोटावर उड्या मारत असेल तर खुरात दाह आहे. दोन्ही पुढच्या पायांत ठोका जोरात आणि मागच्या पायांत मंद, असं दिसलं तर ती महत्त्वाची नोंद आहे. तळहाताने खुराची ऊबही बघा, पण तिच्यावर फार विसंबू नका. उन्हात उभ्या घोडीचे सगळेच खूर तापतात. एकच खूर सावलीतही तासन्‌तास गरम राहिला, तर तो खरा इशारा. छातीचे ठोके विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 असतात. दुखणं वाढलं की तेही चढतात.

मग व्हिडिओ. फोन सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या स्लो मोशनवर लावा आणि विटेला टेकवून जवळपास जमिनीलगत ठेवा. घोडीवर स्वार नको. दोरी धरणाऱ्याने ती दोनेक फूट सैल ठेवावी. दोरी ताणली की डोकं धरलं जातं आणि नेमकी हवी ती हालचाल मरते. सपाट डांबरी किंवा काँक्रीटच्या तीसेक मीटर पट्ट्यावरून बाजूने तीन फेऱ्या, समोरून एक, मागून एक. त्यानंतर कडक जमिनीवर आठ-दहा मीटर व्यासाच्या वर्तुळात दोन्ही दिशांना. घसरडी फरशी टाळा. वर्तुळात आतल्या पायावर ताण जास्त पडतो, त्यामुळे सरळ रेषेत लपलेलं दुखणं इथे डोकं वर काढतं. डावीकडे फिरताना डाव्या पायाचा आणि उजवीकडे फिरताना उजव्या पायाचा हेलकावा दिसला, तर दोन्ही खूर दुखतात हे जवळपास पक्कं. त्याच दिवशी तीच वर्तुळं मऊ जमिनीवरही चित्रित करा.

व्हिडिओत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघा: खुराचा कोणता भाग आधी जमिनीला लागतो. निरोगी खूर टाचेवर किंवा सपाट पडतो. पुढची कड आधी टेकत असेल तर घोडी टाच वाचवते आहे, आणि ठेचकाळणं त्यातूनच येतं. उलट टाच मुद्दाम आधी आपटून पुढची कड जपून टेकवत असेल तर दुखणं पुढच्या भागात आहे. तिथे लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाशी जोडणाऱ्या थराच्या दाहाचा, संशय घ्यावा लागतो. विश्रांतीतलं उभं राहणंही पाहून ठेवा. टाच दुखणारी घोडी एक पुढचा पाय पुढे काढून ठेवते, थोड्या वेळाने दुसरा. लॅमिनायटिसवाली जागच्या जागी वळायला नाखूश असते आणि पुढचे दोन्ही पाय पुढे काढून मागे रेलते. उतार दोघींनाही नकोसा, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा होत नाही. तुमच्या पत्रातलं ठेचकाळणं टाचेकडे बोट दाखवतं आणि चंदी लॅमिनायटिसकडे. दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे.

खूर हातात घ्या. लोखंडासारखा खूर असं तुमचे नालबंद म्हणतात ते बाहेरच्या भिंतीबद्दल. मारवाडी घोड्यांची भिंत खरंच कणखर असते, पण त्यावरून तळव्याची जाडी कळत नाही. भिंतीवरच्या आडव्या वळ्या बघा. खुराची भिंत केसांच्या कडेपासून खाली वाढते, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. केसांच्या कडेपासून तीन सेंटिमीटर खाली ठळक वळी असेल तर साधारण तीन-पाच महिन्यांपूर्वी काहीतरी घडलं होतं. ताप, चाऱ्यातला बदल, हरभऱ्याची नवी पोती, लग्नसराईतल्या वराती, जे आठवेल ते लिहून काढा. तुम्ही सांगता ते चार महिने या वळीशी जुळतात का, हे मला सगळ्यात आधी बघावंसं वाटेल. वळ्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत गेल्या असतील तर लॅमिनायटिस होऊन गेल्याची, किंवा छुपा चालूच असल्याची शक्यता मोठी. घोडा कधीच जोरात आजारी न पडता असं वर्षानुवर्षं चालू शकतं.

खालून बघताना आधी माती काढा, ब्रशने घासा, मग पाणी. भिंत आणि तळवा यांच्यामधली पांढरी रेघ पुढच्या कडेला रुंदावली आहे का? तिच्यात जुन्या रक्ताचे गुलाबी-लाल डाग आहेत का? दोन्ही अंगठ्यांनी तळवा जोरात दाबा. तो लवला तर पातळ आहे. तळव्यातल्या रबरासारख्या त्रिकोणाच्या, म्हणजे फ्रॉगच्या, टोकाशी दोन्ही बाजूंना खाच असते. तिथली खोली तळव्याच्या पातळीपासून मोजा. सेंटिमीटरपेक्षा उथळ असेल तर तळवा पातळ असावा असं धरून चाला. दर वेळी चाकूने तळवा पांढरा शुभ्र होईपर्यंत कापणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. खूर दिसतो छान, पण घोडी खडीवर अनवाणी चालल्यासारखी चालते. तळव्याचा सुटलेला भुगाच तेवढा काढायचा, घट्ट थर तसाच ठेवायचा.

फ्रॉगच्या मधली खाच अंगठ्याचा ठसा उमटावा तशी उथळ आणि रुंद हवी. ती चिरेसारखी अरुंद असेल, खूर साफ करायचा आकडा तिच्यात सेंटिमीटरभर आत जात असेल, काळा दुर्गंधी स्राव येत असेल आणि तिथे टोचल्यावर घोडी पाय ओढून घेत असेल, तर थ्रश, म्हणजे फ्रॉग कुजवणारा संसर्ग, टाचेपर्यंत पोचला आहे. पावसाळ्यानंतर घाटाखालच्या पागांमध्ये हे फार दिसतं, आणि टाच आधी न टेकवण्याचं ते एक अगदी साधं, बरं होणारं कारण आहे. खाच रोज धुऊन कोरडी करा, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस हलक्या हाताने आत सारा आणि तो रोज बदला. मोरचूद जिवंत मांसावर चोळू नका, त्याने भाजतं. पागेतली जमीन ओली राहिली तर औषध कितीही घाला, खाच भरणार नाही.

नालेकडे वळू. दोन-अडीच महिन्यांचं अंतर फार झालं. पाच-सहा आठवड्यांत नाल काढून खूर छाटायला हवा. दहा आठवड्यांत पुढची कड दोनेक सेंटिमीटर वाढते, नाल तिच्याबरोबर पुढे सरकते आणि तिची मागची टोकं टाचेखालून निघून तळव्यावर येतात. टाच आधाराशिवाय चिरडते, आणि लांब कड प्रत्येक पावलाला तरफेसारखा ताण देते. नाल टाचेच्या मागच्या टोकापर्यंत पोचते का, ते बघा. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे मारले असतील तर टाच पसरू शकत नाही. भिंतीबाहेर वळवलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर हातोडीने टकटक करा. एकाच खिळ्यावर ती दर वेळी दचकत असेल तर तो आतल्या संवेदनशील भागाला खेटून गेला आहे. असा खिळा दोन-तीन दिवसांनी दुखू लागतो, म्हणून त्याचा दोष नालबंदाकडे क्वचितच जातो. मात्र तो दोन्ही पायांत चार महिने टिकेल असं नाही. तुमच्या प्रश्नाचं ते एकमेव उत्तर नसावं.

तळवा दाबून बघायचा मोठा चिमटा, हूफ टेस्टर, बहुतेक डॉक्टरांकडे असतो. टाचेच्या एका कोपऱ्यापासून सुरू करून दीड-दोन सेंटिमीटरवर एकेक दाब देत पुढून फिरून दुसऱ्या टाचेपर्यंत जायचं, मग फ्रॉगच्या आडवा, मग दोन्ही टाचांवर आडवा. खांद्याचा स्नायू आणि पाय ओढणं याकडे लक्ष ठेवायचं. एकाच जागी तीन वेळा तीच प्रतिक्रिया आली तरच ती मोजायची. पुढच्या कडेजवळ, फ्रॉगच्या टोकासमोर दुखलं तर लॅमिनायटिस किंवा तळव्याचा मुका मार. फ्रॉगच्या मधल्या भागावर किंवा टाचांवर दुखलं तर टाचेतला दाह किंवा खुरात टाचेच्या बाजूला असलेल्या छोट्या नॅव्हिक्युलर हाडाभोवतीचं दुखणं. एका ठिपक्याएवढ्या जागीच असह्य दुखलं तर गळू किंवा खिळा. काही आढळलं नाही तरी खूर निर्दोष ठरत नाही. उन्हाळ्यात तळवा इतका कडक होतो की चिमट्याचा दाब आत पोचतच नाही. गळू फोडलं किंवा खुरात काही घुसलं तर धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. खिळा घुसलेलाच सापडला तर तो ओढून काढण्याआधी डॉक्टरांना फोन करा. तो कुठून किती खोल गेला हे एक्स-रेत दिसणं गरजेचं असतं, विशेषतः फ्रॉगच्या मधल्या भागातून गेला असेल तेव्हा.

खरा निकाल मिळतो नस बधिर केल्यावर, आणि हे काम डॉक्टरांचंच. पुढच्या एका पायाच्या टाचेवर दोन्ही बाजूंना थोडं बधिरीचं औषध टोचतात आणि पाच-दहा मिनिटांनी घोडी पुन्हा कडक जमिनीवर पळवतात. इतके दिवस न लंगडणारी घोडी आता दुसऱ्या पायाने ठळक लंगडू लागली, तर समजा कोडं सुटलं. बधिर पाय आता चांगला झाला आणि तिला ओझं ढकलायला जागा मिळाली. मग दुसरा पायही बधिर करतात. दोन्ही झाल्यावर पाऊल लांबलं, तर दुखणं खुरातच आहे. ही चाचणी मागून घ्या. तिच्याशिवाय काढलेल्या एक्स-रेत हाडावर काही बारीकसारीक दिसलं तरी तेच दुखतंय का, हे ठरवता येत नाही. आणि बधिर पायावर त्या दिवशी रपेट नको.

एक्स-रेसाठी पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवून अगदी बाजूने घेतलेलं चित्र हवं. त्यात तळव्याची जाडी मोजता येते, निदान 10 ते 15 मिलिमीटर हवी. खुरातलं हाड पुढच्या भिंतीला समांतर आहे की फिरलं आहे हे कळतं, आणि त्या हाडाची टाचेकडची बाजू जमिनीच्या तुलनेत थोडी वर उचललेली आहे की खाली बसली आहे, हेही. नालबंदाला त्या चित्राची प्रत द्या, तो त्यावरून छाटेल. साताऱ्यातून तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नेण्याआधी फोन करून घोड्याच्या पायाचा एक्स-रे आणि नस बधिर करण्याची चाचणी त्या दिवशी होईल का, ते विचारून घ्या. व्हिडिओ सोबत न्या. गाडीतून उतरलेली, नव्या जागी बावरलेली घोडी घरच्यासारखी चालत नाही.

त्याच फेरीत रक्तातलं इन्सुलिन तपासून घ्या. नमुन्याआधी निदान चार तास चंदी नको, साधा कडबा चालेल. इन्सुलिन जास्त निघालं तर लॅमिनायटिसचं मूळ खाण्यात आहे. पण निकालाची वाट न पाहता गूळ आजच बंद करा. तीन किलो हरभरे, तेही हलकं काम करणाऱ्या घोडीला, जास्तच आहेत. आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत एक किलोच्या खाली आणा. तिचं वजन साडेतीनशे किलो धरलं तर रोज पाच ते सात किलो सुका चारा पोटात जायला हवा. उपाशी ठेवू नका. मानेचा वरचा काठ हाताला कडक, चरबीचा लागतो का तेही बघा. निकाल येईपर्यंत डांबरी रस्ता, उतार आणि वर्तुळातला सराव बंद. पागेत उभं राहायला वीतभर जाड भुशाचं अंथरूण घाला.

तंग आवळताना कान मागे जाणं मी शेवटी ठेवलं, कारण पुढचे पाय दुखणारी घोडी खांदा आणि पाठ आखडते आणि तिथे दुसरं दुखणं तयार होतं. खूर बरे झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात कान पुढे राहू लागले, तर ते त्याचंच होतं. पण दोन्ही खूर बधिर करूनही पाऊल लांबलं नाही, उतारावर ती तशीच थबकली, तर खूर सोडून वर बघा. खोगीर पाठीवर घोंगडीशिवाय ठेवून त्याखालून हात फिरवा, मानेच्या बुंध्याशी ते हाडाला टेकतं का ते तपासा, आणि रपेटीनंतर पाठीवर घामात कोरडे राहिलेले गोल डाग कुठे उमटतात, त्याचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.